पाचवं पाणी

"जेवला का?"

बाई सकाळी लॅबचं दार ढकलून आत आल्या की पहिला प्रश्न हाच. मी नवी होते. पहिल्या दिवशी भाबडेपणाने म्हणाले, "नाही बाई, डबा आणलाय. एक वाजता खाईन." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या स्टीलच्या रिअ‍ॅक्टरकडे बोट केलं. "तुला नाही गं. त्याला विचारतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण काय आणलंयस डब्यात?"

तो जेवतो म्हणजे काय, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी होती. गाद्यांचा फोम ज्या दाट तेलासारख्या पदार्थापासून करतात तो आम्ही बनवायचो. त्याला पॉलिऑल म्हणतात. तो बनतो पेट्रोलियमपासून. आमच्या साहेबांनी ठरवलं की त्यातला काही भाग कार्बन डायऑक्साइडपासून करायचा. जो वायू धुराड्यांतून वर जातो तोच गादीत भरायचा. हा वायू मोठा आळशी. कोणाशी जुळत नाही, कशात मुरत नाही. त्याला कामाला लावायला एक खास कॅटॅलिस्ट लागतो, जस्त आणि कोबाल्ट अशा दोन धातूंचा. तो चांगला असला की दाबाने भरलेला वायू मालात मुरत जातो आणि दाबाचा काटा हळूहळू खाली येतो. काटा उतरला म्हणजे जेवला. काटा जागच्या जागी म्हणजे उपाशी.

हा कॅटॅलिस्ट बाईंचा होता. त्यांनी तो शोधला असं नाही, जगात तो आधीपासून होता. पण आमच्याकडे तो जमत नव्हता आणि बाईंनी दीड वर्ष झगडून जमवला.

त्याआधी पंचवीस वर्षं त्या कोलशेतला एका रंगांच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला, पाडला, तिथे टॉवर झाले. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची जुनी लॅब होती बरोबर तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. "आम्ही जिथे नाकाला रुमाल बांधून जायचो, तिथे लोक हौसेने डुंबतात," असं सांगताना त्यांना खेद नसायचा, गंमत वाटायची. निवृत्तीनंतर आमच्या साहेबांनी त्यांना वर्षावर्षाच्या करारावर बोलावलं. डोंबिवली पूर्वेला त्या आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघी राहायच्या. बहीण शाळेत शिकवायच्या. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. स्वतःबद्दल बाई बोलायच्याच नाहीत. एकदा आठ-दहा दिवस रजेवर गेल्या. आल्यावर मी विचारलं तर "घरचं काम होतं" एवढंच म्हणाल्या आणि वही उघडून बसल्या.

सुती साडी, वर पांढरा कोट, पदर कमरेला खोचलेला. केस इतके चापून बसवलेले की वाऱ्याला शिरायला जागा नाही. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. बँकेत, शाळेत, पोस्टात. रांगेतल्या माणसाला वाटतं ही बाई आता ओरडणार, आणि ती ओरडत नाही, चुकलेला फॉर्म स्वतः नीट भरून देते.

दोन धातू कशाला, हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात विचारलेला. एम.एस्सी. झालेली असून विचारला म्हणून लाजतही होते. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"गजरा केलायस कधी?"

"आईने केलेला पाहिलाय."

"दोघी समोरासमोर बसतात. एकीच्या मांडीवर फुलांची टोपली, दुसरीच्या मांडीवर पानं. मध्ये दोरा. एक फूल सारते, दुसरी पान सारते. फुलाला फूल जोडता येतं, पानाला पान नाही जोडता येत. आपला वायू म्हणजे पान. नुसती फूलवाली बसवलीस तर फुलांचीच माळ होईल, ती महाग. नुसती पानवाली बसवलीस तर काहीच होणार नाही. दोघी हव्यात, आणि हात पोचेल इतक्या जवळ हव्यात."

पुस्तकातली चार पानं मी नंतर वाचली. त्यात याहून जास्त होतं, पण मला आठवतो तो गजरा.

लोक या कामाबद्दल मोठं काही बोलले की मात्र त्या अवघडायच्या. एकदा एक पाहुणे म्हणाले, तुम्ही पृथ्वी वाचवताय. बाई म्हणाल्या, "समुद्र उपसतोय, पण चमच्याने. चमचा स्वच्छ असावा एवढं मी बघते."

चमचा स्वच्छ असावा, यातच सगळं आलं. कॅटॅलिस्ट तयार होतो तेव्हा तो पांढऱ्या चक्क्यासारखा दिसतो, फडक्यात बांधून टांगावा असा. त्यात ज्या क्षारापासून तो करतात त्यातलं पोटॅशियम अडकून राहतं. ते राहिलं तर कॅटॅलिस्ट मेलेला. म्हणून तो धुवायचा. पाण्यात आणि एका अल्कोहोलमध्ये कालवायचा, ढवळायचा, पुन्हा गाळायचा. एकेका धुण्याला चार-पाच तास, कारण गाळण चोंदते आणि थेंब थेंब पाणी पडतं. बाईंचा नियम पाच पाण्यांचा. प्रत्येक पाणी झालं की वहीत वेळ लिहायची आणि सही करायची. वहीबद्दल त्यांचा आणखी एक नियम होता. खोडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि वर खरं लिहून सही करायची.

तिसरा नियम थांबण्याचा. हा कॅटॅलिस्ट आत गेल्या गेल्या कामाला लागत नाही. आधी त्याला थोडंसं ऑक्साइड द्यायचं. गजऱ्यातली फुलं म्हणजे हे ऑक्साइड, पटकन पेट घेणारा पातळ द्रव. ते दिलं की वाट बघायची. वीस मिनिटं, कधी तासभर. कॅटॅलिस्ट झोपलेला असतो. मग एकदम जागा होतो, काटा खाली येतो, भांडं गरम होतं. तेव्हाच पुढचं वाढायला सुरुवात करायची. झोपेत असताना घाई करून जास्त घातलं तर जागा झाल्यावर तो सगळं एका घासात खातो, आणि मग ती उष्णता कोणाला आवरत नाही.

रिअ‍ॅक्टर चालवायला म्हात्रेमामा होते. तिथल्याच गावचे, ज्यांची भातखाचरं एमआयडीसीत गेली त्यांतले. वय बाईंच्याच आसपास. बाईंच्या "जेवला का"ला उत्तर तेच द्यायचे. "नाय बाय, यो आज रुसलाय." किंवा, "जेवला, पन जरा कमीच."

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय बाईंची सांगता येणार नाही.

मोठा रिअ‍ॅक्टर पहिल्यांदा चालवून दाखवायचा होता. पैसे लावणारे बाहेरचे पाहुणे येणार होते. त्यांना पटलं तर पुढचा प्लांट उभा राहणार होता. त्यासाठी कॅटॅलिस्ट मी केला. बाईंनी माझ्यावर सोपवलेलं ते पहिलं मोठं काम. तिसरं पाणी झालं तेव्हा दुपारचे दोन वाजलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला एका मोठ्या कंपनीत माझी मुलाखत होती. मी ती कोणाला सांगितली नव्हती. घरी जाऊन वाचायचं होतं, ड्रेसला इस्त्री करायची होती. गाळून पडणारं पाणी काचेसारखं नितळ होतं. मी ते उजेडात धरून पाहिलं. नितळ पाण्यातून आणखी काय निघणार, असं स्वतःला सांगितलं. चौथ्या आणि पाचव्या पाण्याच्या वेळा वहीत भरल्या, सह्या केल्या आणि चक्का सुकायला ठेवून चार वाजता कल्याणची रिक्षा धरली.

त्या कंपनीने मला घेतलं नाही, ते सांगून टाकते.

पाहुणे आले तो दिवस. काचेच्या भिंतीमागे खुर्च्या मांडलेल्या. म्हात्रेमामांनी नवा गणवेश घातलेला. कॅटॅलिस्ट आत गेला, पहिलं ऑक्साइड दिलं, काटा वर गेला आणि तिथेच राहिला. अर्धा तास झाला, तास झाला. मी काट्याकडे बघत होते. दोन तासांनी पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. साहेब आत आले आणि हळू आवाजात म्हणाले की आणखी थोडं ऑक्साइड घालून बघू, धक्का मिळेल. म्हात्रेमामांचा हात व्हॉल्व्हकडे गेला. बाई उठल्या आणि व्हॉल्व्हच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "बाई, पाहुणे बसलेत."

"बसू देत. चहा द्या त्यांना. झोपलेल्याला वाढायचं नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. घरचं सगळं त्यांनी कंपनीला लावलेलं. पण त्या क्षणी त्यांचा आवाज चढला. सगळ्यांसमोर म्हणाले की इतक्या वर्षांचा अनुभव असून तुम्हाला एक बॅच चालवता येत नाही. बाई जागच्या हलल्या नाहीत. आमच्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. एमआयडीसीकडून मोठा आवाज आला आणि तावदानं हादरली की माणसं आधी एकमेकांना फोन लावतात. म्हात्रेमामांनी हात मागे घेतला. त्यांचं घर कुंपणापासून हाकेच्या अंतरावर होतं.

बाईंनी रिअ‍ॅक्टर थंड करायला लावला, ऑक्साइड काढून घेतलं. पाहुणे हात मिळवून गेले. ते परत येणार नाहीत हे त्यांच्या हात मिळवण्यावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला लॅबमध्ये बोलावलं. उरलेल्या कॅटॅलिस्टचा चमचाभर त्यांनी पाण्यात ढवळून गाळला होता आणि ते पाणी आटवून ठेवलं होतं. टेबलावर बर्नर पेटवलेला. बाजूला तारेची काडी आणि एक निळी काच, शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी. तुम्हाला आठवत असेल, धातूचा क्षार ज्योतीत धरला की रंग येतो. पोटॅशियमचा फिकट जांभळा. तो इतका फिकट की सोडियमच्या पिवळ्यात हरवतो. निळी काच तो पिवळा अडवते आणि मागचा जांभळट-लाल दिसतो.

बाईंनी काच माझ्यापुढे धरली.

"तू बघ. माझ्या मेल्या डोळ्यांना आता निळं-जांभळं नीट कळत नाही. मी तार धरते. काय दिसतं ते सांग."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी तार बुडवली आणि ज्योतीत धरली. काचेतून मला जांभळा रंग दिसला. पुसट नाही. चांगला ठसठशीत, जास्वंदीच्या कळीसारखा.

काहीच दिसत नाही, असं मी म्हणू शकत होते. त्यांना कळलं नसतं. माल बाहेरच्या लॅबला तपासायला गेला असता, आठ दिवस लागले असते, तोवर काहीतरी सुचलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि तेवढ्या वेळात बाई तार धरून उभ्या होत्या. तारेचं टोक लाल झालं होतं.

"जांभळं दिसतंय," मी म्हणाले.

"किती?"

"खूप." मग म्हणाले, "बाई, मी तीनदाच धुतलं. पाच लिहिलं."

त्यांनी बर्नर बंद केला. तार स्टँडला लावली. मला वाटलं आता त्या विचारतील की का. त्यांनी कपाटातून वही काढली, ते पान उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी चौथ्या आणि पाचव्या पाण्यावर रेघ मारली. वर लिहिलं, 'हे धुणं झालेलं नाही,' आणि सही केली. ती सही आज बघितली तर दुसऱ्याच कोणाची तरी वाटते. त्याखाली बाईंनी सही केली. मग म्हणाल्या, "पाणी आण. नवीन करायला घेऊ."

दुपारी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मी दाराशी उभी होते. साहेबांनी विचारलं काय झालं. बाई म्हणाल्या, "धुणं कमी पडलं. तपासून घेणं माझं काम होतं, ते राहिलं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी वही मागितली नाही. मी तोंड उघडायला गेले तर बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तोंड मिटलं. बाहेर आल्यावर मी म्हणाले, मी आत जाऊन सांगते. त्या म्हणाल्या, "वहीत आहे. ज्याला बघायचंय तो बघेल." कोणीही बघितलं नाही.

साहेबांनी बाईंना काढलं नाही. पण रिअ‍ॅक्टर त्यांच्याकडून काढून घेतला. गोदामाशेजारच्या खोलीत बाहेरून येणाऱ्या पिंपांची तपासणी करायला बसवलं. खिडकीला जाळी, भिंतीला ओल. त्या तिथे वर्षभर बसल्या. पदर तसाच खोचलेला, वही तशीच. मी जेवायच्या सुट्टीत जायचे तेव्हा माझ्या बॅचबद्दल विचारायच्या आणि बारीकसारीक सांगायच्या. ढवळताना पाणी एकदम ओतू नको, गाळण चोंदली तर चिडू नको. ते पान, ती बैठक, यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मला ते फार जड जायचं. चारचौघांत झापलं असतं तर बरं, असं वाटायचं. एकदा तसं म्हणालेसुद्धा. त्या डब्यातली भाजी माझ्या डब्यात वाढत म्हणाल्या, "झापून काय होतं? तू घरी जाऊन रडशील, माझं डोकं दुखेल. आणि चक्का तसाच राहील."

पुढच्या वर्षी साहेबांनी पुन्हा हिंमत केली. या वेळी पाहुणे नव्हते. कॅटॅलिस्ट मीच केलेला. पाच पाणी झाली तरी मन भरेना म्हणून सहावं दिलं. सकाळी रिअ‍ॅक्टर चढवला. बाईंचं नाव यादीत नव्हतं, त्यामुळे त्या आत आल्या नाहीत. जमिनीवर पिवळा पट्टा आहे, त्याच्या बाहेर दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. पहिलं ऑक्साइड गेलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग काटा थरथरला आणि उतरायला लागला. भांड्याचं तापमान चढलं, थंड पाण्याची लाईन सुरू झाली. मी आकडे लिहीत होते आणि मला कागद धूसर दिसत होता. म्हात्रेमामांनी काट्यावरून नजर काढली नाही, पण सगळ्या प्लांटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाय, जेवाया बसला."

मी वळून पाहिलं. बाई हसत होत्या. मग त्यांनी पिंपं तपासायची बाकी आहेत अशी खूण केली आणि गेल्या.

त्या मालाचा फोम झाला. पांढरा, चौकोनी, पावाच्या मोठ्या लादीसारखा. सगळ्यांनी त्यावर हात दाबून पाहिले. बाईंनी तो नाकाशी नेऊन वास घेतला, मधोमध सुरीने कापायला लावला आणि आतली भोकं सारखी आहेत का ते उजेडात धरून बघितलं. "बरा आहे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द म्हणजे काय हे आम्हालाच माहीत.

त्या महिन्याअखेर बाईंचा करार संपला आणि त्यांनी तो पुढे नको म्हटलं. डोंबिवलीतली जागा भाड्याने देऊन दोघी बहिणी खडवलीला गेल्या. तिथे नदीच्या अलीकडे वडिलांनी घेतलेलं छोटं घर होतं. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही. वह्यांची कपाटं नीट लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

दोन महिन्यांनी साहेबांनी मला बोलावलं. रिअ‍ॅक्टरची जबाबदारी माझ्याकडे द्यायची म्हणाले. मी म्हणाले, थांबा, आणि कपाटातून ती वही आणली. त्यांच्यापुढे ते पान उघडून ठेवलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. तारीख बघितली. बाईंची सही बघितली.

"बाईंना माहीत होतं?"

"त्यांनीच लिहायला लावलं."

साहेबांनी पानावर हात ठेवला. मला वाटलं आता नोकरी गेली, आणि खरं सांगते, हलकं वाटलं. ते म्हणाले, "त्या दिवशी मी त्यांना काय बोललो ते तू ऐकलंस ना?" मी मान हलवली. त्यांनी माझ्यासमोर बाईंना फोन लावला. वहीचं पान पाहिलं, एवढंच म्हणाले. पलीकडून बाई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. साहेब नुसते हो हो म्हणत होते. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, "विचारत होत्या, नवीन गाळण घेतली का."

नोकरी गेली नाही. नवीन गाळण आली.

खडवलीला मी तीन-चारदा गेले. बाईंनी अंगणात अळू आणि केळी लावलेल्या. नदीवर सुट्टीला येणारी माणसं दारात प्लास्टिक टाकून जायची, ते त्या काठीने गोळा करायच्या आणि त्यातलं कुठलं कशाचं बनलंय हे मला सांगायच्या. दर वेळी नवी वही दाखवायला न्यायचे. त्या पानं उलटायच्या, आणि कुठे रेघ मारून दुरुस्त केलेलं दिसलं की त्या पानावर जरा रेंगाळायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. न्यूमोनिया झाला, कल्याणच्या दवाखान्यात चार दिवस होत्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं. मी पंधरा दिवसांनी खडवलीला गेले. त्यांच्या बहिणीने, ज्यांना मी ताई म्हणते, मला आत बसवलं. चहा ठेवला. दोन कप काढले, मग तिसराही काढला आणि तो परत फळीवर ठेवला.

शेवटचे दिवस सांगता सांगता ताई म्हणाल्या की तिने डोळे दान केले. फार आधीपासून ठरवलेलं. मध्ये मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली तेव्हा डॉक्टरांना आधी हेच विचारलं, की यानंतर डोळे देता येतील ना. डॉक्टर म्हणाले येतील, तेव्हाच टेबलावर झोपली.

"कधी झालेली ऑपरेशनं?" मी विचारलं.

"झाली की बरीच वर्षं. डोंबिवलीत असतानाच. ते तुमचं पाहुण्यांसमोर बंद पडलं ना, त्याच्या आदल्या दिवाळीत. आठ-दहा दिवस रजा घेतलेली बघ. दोन्ही डोळे पाठोपाठ केले." ताई जरा हसल्या. "पट्टी काढल्यावर गच्चीत जाऊन उभी राहिली. म्हणते, आकाश एवढं निळं असतं हे मी विसरूनच गेलेले. माझ्या साडीचा रंग जांभळा आहे, हे तिला तेव्हा नव्याने कळलं. इतकी वर्षं करडी समजत होती."

मी हातातला कप खाली ठेवला.

ताईंना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. तिसरं पाणी, चार वाजताची रिक्षा, निळी काच, सगळं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून होय. त्या दिवशी घरी आली ती खुशीत होती. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणी खाल्लेली, रात्री जेवली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी येताना श्रीखंड घेऊन आली. मी विचारलं कशाचं. तर म्हणाली, काम पुढे द्यायला माणूस मिळालं."

बाहेर केळीच्या पानांचा आवाज येत होता.

निघताना ताईंनी मला थांबवलं. टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. नेत्रपेढीकडून पत्र आलेलं. चष्मा सापडत नाही म्हणून तेव्हापासून तसंच ठेवलंय, म्हणाल्या, तू वाचून दाखव. चष्मा त्यांच्या गळ्यातच दोरीला लटकत होता.

मी पत्र वाचलं. छापील होतं, वर बाईंचं नाव हाताने लिहिलेलं. आभार मानले होते. कोणाला दिले त्यांची नावं नव्हती. दोन जणांना एकेक डोळा मिळाला असून दोघांनाही दिसू लागलं आहे, एवढंच होतं.

ताई म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं.